काजळीची पांढरी पापणी

एका जंगलात शेळ्यांची एक वाडी होती.

हो, जंगलातच. बोधकथा जंगलातच घडतात. शहरात घडल्या की त्यांना बातम्या म्हणतात. आता हाताची घडी घाला आणि ऐका. मध्येच "वाघ कधी येणार?" असं विचारायचं नाही. या गोष्टीत वाघ नाही. वाघाची गरजच पडली नाही.

तर या वाडीचं नाव शेळवाडी. एका अंगाला ओढा. ओढ्याच्या काठी बारा महिने ओलं, हिरवंगार, लुसलुशीत गवत. दुसऱ्या अंगाला खडकाळ टेकाड आणि त्यावर बोरी, बाभळी, अंजन अशी झाडं. तुम्ही म्हणाल, शेळी म्हणजे टेकाडावर चढणार, झाडाला पाय लावून वरचा पाला ओरबाडणार. शाब्बास. पुस्तकात तसंच लिहिलंय. पण शेळवाडी ही संस्कारी वाडी होती.

तिथे बोकड झाडाला लागत. लहान करडं झाडाला लागत. पण पोर जरा मोठी झाली, शिंगं दिसायला लागली, की तिची आई तिला खाली बोलवायची आणि सांगायची, "पुरे झाला धांगडधिंगा. चांगल्या घरची शेळी मान वर करून खात नाही. खाली मान घालून खाते."

मग ती खाली मान घालून ओढ्याकाठचं ओलं गवत खायची. जन्मभर.

आता त्या गवतात काय होतं ते सांगते. नाकं मुरडू नका. गवताच्या बुडाशी जंतांची पिल्लं बसलेली असत. डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक. शेळीनं घास घेतला की ती थेट पोटात. तिथे ती बिऱ्हाड थाटत आणि बसल्या जागी रक्त पीत. ना भाडं, ना पागडी. झाडाच्या शेंड्यापर्यंत मात्र जंत जात नाहीत. एवढे कष्ट त्यांना कोणी सांगितलेत? म्हणून शेळवाडीतले बोकड सगळे ठणठणीत, आणि शेळ्या सगळ्या जरा दमलेल्या. पण त्याला तिथे दमणं म्हणत नसत. शालीनता म्हणत.

या वाडीत काजळी नावाची एक पोर होती. काळीकुळकुळीत. कानाच्या टोकापासून शेपटीपर्यंत कुठे पांढरा ठिपका शोधून सापडायचा नाही. तिच्या आईचं नाव झिपरीबाई आणि बापाचं नाव दाढोबा. झिपरीबाईला एकच घोर लागलेला. ही काळी पोर उजवायची कशी?

काजळीला कसलाच घोर नव्हता. ती सकाळी उठायची ती थेट बोरीवर. तिरक्या खोडावरून टणाटण उड्या मारत शेंड्यापाशी जायची आणि तिथून सगळ्या वाडीला नावं ठेवायची. एकदा एका माकडानं तिची फांदी बळकावली. तिनं त्याला अशी ढुशी दिली, की ते माकड अजून त्या बाजूला फिरकत नाही.

मग तिला शिंगं फुटली.

"काजळे, खाली ये. आजपासून झाड बंद."

"का?"

"का म्हणायचं नाही."

"का म्हणायचं नाही?"

"लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?"

"खाली ये म्हणते ना, कार्टे!" झिपरीबाई ओरडली, आणि काजळी खाली आली.

एक पावसाळा तिनं खाली मान घालून खाल्लं. आणि काय चमत्कार! जी पोर एका प्रश्नाला दहा उत्तरं द्यायची, ती एकच द्यायला लागली. मग अर्धं. मग नुसती मान हलवायला लागली. धावायची ती चालायला लागली, चालायची ती बसायला लागली.

"सुधारली गं बाई माझी पोर," झिपरीबाई शेजारणीला म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

अशातच जंगलाच्या आरोग्य खात्याकडून बगळे डॉक्टर वाडीत आले. चांगला पक्षी होता हो. हुशार, कळकळीचा, फक्त जरा घाईतला. त्यांनी झाडाच्या खोडाला रंगांचा एक तक्ता टांगला. तक्त्यावर पाच रंग. वर गडद लाल, मग फिका होत होत खाली पांढरा. प्रत्येक रंगाला नंबर. लाल एक, पांढरा पाच.

डॉक्टर एका पायावर उभे राहिले आणि म्हणाले, "भगिनींनो, पोटात जंत झाले की रक्त कमी होतं. रक्त कमी झालं की पापणी फिकी पडते. मी प्रत्येकीची खालची पापणी जरा ओढून आतला रंग बघणार आणि या तक्त्याशी लावून नंबर देणार. कळलं?"

"नंबर पाचपर्यंतच आहेत का?" झिपरीबाईनं विचारलं.

"हो."

"म्हणजे पाचपैकी?"

"हं, तसं म्हणा," डॉक्टर म्हणाले.

हीच त्यांची चूक. विद्वान लोक घाईत असले की "तसं म्हणा" म्हणतात, आणि तिथेच घोळ होतो. तुम्ही मोठे झालात की असं म्हणू नका. होणार आहातच मोठे, इलाज नाही.

पाचपैकी म्हटल्याबरोबर आयांनी आपापल्या लग्नाच्या पोरी रांगेत उभ्या केल्या. एकही बोकड रांगेत नाही. "तुम्ही पण या," डॉक्टर म्हणाले, तर दाढोबा हसला. "बोकडाची पापणी कोण बघतं, डॉक्टर? बोकडाचं घराणं बघतात."

रांग पुढे सरकली. कुणाला दोन मिळाले, कुणाला तीन. शेजारच्या मोरीताईच्या लेकीला तीन मिळाले तर मोरीताईनं तिला तिथेच झापलं. "दिवसभर खातेस काय मग?" आणि मग काजळीचा नंबर आला. डॉक्टरांनी चोचीनं अलगद तिची पापणी ओढली, आणि त्यांचा वर घेतलेला पाय खाली आला.

"बाई, पाच नंबर! आजच्या आज औषध पाजा."

"पाच!" झिपरीबाई किंचाळली. "अहो, ऐकलंत का? आपली काजळी पाचपैकी पाच!"

"अहो बाई, पोरीच्या अंगात रक्त नाही."

"काळी काळी म्हणून हिणवत होते मेले! आता या म्हणावं. वरून असेल काळी, आतून गोरीपान आहे माझी लेक!"

"गोरी नाही हो, तिला ॲनिमिया झालाय!"

झिपरीबाई थबकली. "काय झालाय?"

"ॲनिमिया."

झिपरीबाईनं तो शब्द तोंडात घोळवला, रवंथ केल्यासारखा. त्यांच्या घराण्यात आजवर कुणाला इंग्रजीत काही झालं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती वाडीभर सांगून आली. "आमच्या काजळीला ॲनिमिया मिळाला हो!"

डॉक्टर बाटली घेऊन मागे मागे. "बाई, औषध घ्या."

"त्यानं काय होईल?"

"जंत मरतील. रक्त वाढेल. पापणी लाल होईल."

"म्हणजे पाचाचे एक होणार?"

"अहो, ते मार्क नाहीत!"

"वा रे वा! मिळवलेले मार्क घालवायचं औषध! आणि हे सांगतंय कोण? स्वतः नखशिखांत पांढरे, आणि दुसऱ्याच्या लेकीचं पांढरं डोळ्यांत खुपतंय!"

"माझी पिसं पांढरी आहेत हो, पापणी नाही!"

"एकदा लग्न होऊन जाऊ दे. मग पाजा काय पाजायचं ते," झिपरीबाई म्हणाली आणि पाठ फिरवून निघून गेली.

इकडे वाडीत नुसती धांदल उडाली. ज्यांच्या पोरींना दोन-तीन मिळाले त्या आयांना घास गिळेना. एका रिकामटेकड्या बोकडानं हे हेरलं आणि ओढ्याच्या अगदी चिखलातल्या गवतावर क्लास काढला. सकाळची बॅच, दुपारची बॅच. दारावर पाटी: जिथे गवत ओलं, तिथे निकाल शंभर टक्के. आणि निकाल लागायचा हो, खोटं कशाला बोला. पोरी महिन्याभरात पांढऱ्या पडायच्या.

काजळीला क्लासची गरज नव्हती. ती घरी बसून होती.

"आई, मला चक्कर येते."

"सासरचे विचार येत असतील मनात. होतं असं."

"आई, पाय लटपटतात."

"लटपटू देत. मुरडत चालल्यासारखं दिसतं."

"आई, हनुवटीखाली सूज आलीय बघ."

"सूज काय म्हणतेस, भरल्या घरात? हनुवटी भरलीय. खात्यापित्या घरची दिसतेस."

"आई, मी मरेन का गं?"

"शुभ बोल नाऱ्या! लग्न ठरायच्या वेळी असं बोलतात?"

मला इथे राग येतो. दर वेळी येतो. ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल, तरी येतो. पोर मरायला टेकली होती आणि आई तिला सजवत होती. बरं, झिपरीबाई दुष्ट म्हणावी तर तसंही नाही. दुष्ट असती तर माझं काम सोपं होतं. वाघ आणला असता आणि दिली असती खायला. पण तिचा जीव होता लेकीवर. ओढ्याकाठचा सगळ्यात ओला, सगळ्यात कोवळा घास ती स्वतः न खाता काजळीसाठी राखून ठेवायची. हो, तोच. सगळ्यात ओला. आता बोला.

असो. डोळे पुसा, पुढे मजा आहे.

काजळीचे पाचपैकी पाच ओढ्यापलीकडे पोचले. पलीकडे पांढऱ्या शेळ्यांचा कळप होता. मोठं घराणं. तिथल्या कापूरबाई आपल्या मुलासाठी स्थळं बघत होत्या. मुलाचं नाव शुभ्रराव. धट्टाकट्टा बोकड, पण आईच्या पायांतून हलायचा नाही.

पाहुणे आले. झिपरीबाईनं बाभळीच्या शेंगा पुढे केल्या. काजळीला हळूच ढकलत ढकलत समोर आणून बसवलं.

"नाव काय बाळ?" कापूरबाईंनी विचारलं.

"काजळी," काजळी पुटपुटली.

"नावात जरा काळं आहे, पण चालेल. आम्ही लग्नात नाव बदलतोच. चांदणी ठेवू. जरा चालून दाखव बघू."

काजळी उठली. दोन पावलं चालली आणि मटकन खाली बसली.

"अगंबाई, किती नाजूक!" कापूरबाई म्हणाल्या. "गाणं येतं?"

काजळीनं तोंड उघडलं. त्यातून अर्धा "बें" आला. उरलेला अर्धा यायला अंगात जीव नव्हता.

"आवाज पण मोठा नाही. वा! मान वर कर बाळ, चेहरा बघू दे."

काजळीनं प्रयत्न केला. मान वर होईना.

"करत नाही! बघितलंत? सांगितलं तरी मान वर करत नाही!" कापूरबाईंना गहिवरून आलं. "नाही तर आमची थोरली सून. एकदा हाक मारली की दोनदा ओ देते. आणि हनुवटीखाली काय सुरेख भरलंय! दागिना घालायलाच नको."

मग त्यांनी आपल्या खुरानं काजळीची पापणी ओढली आणि श्वास रोखून आत बघितलं.

"पाच," त्या हळूच म्हणाल्या. "पांढरीफटक."

"मुलाला काही विचारायचं असेल तर विचारू दे," दाढोबा म्हणाला.

"आई विचारेल," शुभ्रराव म्हणाला आणि आणखी एक शेंग उचलली.

"पसंत आहे," कापूरबाई म्हणाल्या, आणि झिपरीबाईनं आनंदानं तिथल्या तिथे उडी मारली. मारायला गेली म्हणजे. तिला धाप लागली म्हणून अर्ध्यातच खाली बसली.

तेवढ्यात फडफड करत बगळे डॉक्टर मधोमध उतरले. चोचीतली बाटली त्यांनी खाली ठेवली.

"थांबा! ही पोर मरेल!"

कापूरबाईंनी शेंग खाली ठेवली.

"कधी?"

"कधी म्हणजे?"

"म्हणजे लग्नाआधी की लग्नानंतर?"

"औषध दिलं नाही तर... पौर्णिमेच्या आसपास."

"मग मुहूर्त पौर्णिमेच्या आधीचा काढू," दाढोबा म्हणाला. त्याला वाटलं आपण अडचण सोडवली.

"अहो, पण ती मरेल!"

"डॉक्टर, मरण काय कुणाला चुकलंय?" कापूरबाई म्हणाल्या. "घरचं कार्य आहे. आलाच आहात तर शेंगा घ्या."

डॉक्टरांनी रक्ताबद्दल सांगितलं. जंतांबद्दल सांगितलं. ते पोटात कसे चिकटतात, किती अंडी घालतात, सगळं सांगितलं. सगळे मन लावून शेंगा खात राहिले. काजळी जमिनीवर डोकं टेकून पडली होती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून डॉक्टरांकडे बघत होती. बोलत नव्हती. बोलायला उरलंच नव्हतं काही अंगात. ती नजर बघून डॉक्टरांचा तोल सुटला आणि ते ओरडले, "अहो, हिला करडं होणार नाहीत! दूध येणार नाही!"

चघळणं थांबलं.

"काय म्हणालात?" कापूरबाई ताडकन उठल्या.

"दूध येणार नाही. थेंबसुद्धा."

"मग हे आधी सांगायचं नाही होय? मघापासून नुसतं मरेल मरेल लावलंय! झिपरीबाई, बघताय काय, धरा पोरीचं तोंड! डॉक्टर, ओता!"

एका बाजूनं आईनं धरलं, दुसऱ्या बाजूनं होणाऱ्या सासूनं. डॉक्टरांनी बाटली ओतली. औषध कडूजहर. काजळीनं तोंड वेडंवाकडं केलं, पण गिळलं.

"आता हिला ओढ्याचं गवत बंद," डॉक्टर म्हणाले. "फक्त झाडाचा वरचा पाला."

झाडाचा पाला! लग्नाच्या पोरीला! झिपरीबाईनं कपाळावर खूर मारून घेतला. पण प्रश्न दुधाचा होता. मग दाढोबा रोज झाडाला पाय लावून फांद्या वाकवायला लागला आणि झिपरीबाई कुणी बघत नाही असं बघून पाला घरी न्यायला लागली. पलीकडून कापूरबाईंनीही अंजनाच्या डहाळ्या धाडल्या. कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, "भावी दुधाची काळजी आत्तापासून घेतलेली बरी."

हळूहळू काजळी उठून बसली. मग उभी राहिली. हनुवटीखालची सूज ओसरली. एका सकाळी झिपरीबाई म्हणाली, "काजळे, जरा सरकून बस," आणि काजळी म्हणाली, "का?"



झिपरीबाईनं तिथल्या तिथे लेकीची पापणी ओढून बघितली. गुलाबी! दोन दिवसांनी बघितली, आणखी गुलाबी. आता काय करायचं? झिपरीबाईनं पापणीला आतून राख फासायचा विचार केला. काजळीनं ढुशी मारायचा विचार केला. मग झिपरीबाईनं आपला विचार बदलला.

लग्नाचा दिवस उजाडला. वाजतगाजत वरात आली. पांढऱ्या शेळ्याच शेळ्या, पुढे कापूरबाई, मागे शुभ्रराव, गळ्यात झेंडूची माळ. माळ अर्धी खाल्लेली.

आणि नवरी जागेवर नाही!

शोधाशोध झाली. गोठे पालथे घातले, ओढा बघितला. शेवटी एका करडानं वर बघितलं. काजळी बोरीच्या शेंड्यावर उभी होती आणि कुडुमकुडुम पाला खात होती.

"खाली ये!" कापूरबाई ओरडल्या.

"का?"

"का? मला 'का' विचारतेस? अगं मान खाली घाल आधी!"

"घातलीय की. वरून खालीच बघतेय तुमच्याकडे."

"ही ती मुलगी नव्हेच!" कापूरबाई गरजल्या. "फसवणूक! दाखवली एक आणि देताय दुसरी!"

"अहो, तीच आहे हो," झिपरीबाई रडकुंडीला आली. "जरा बरी झालीय एवढंच."

"जरा? ही जरा म्हणायची?"

काजळी दोन उड्यांत खालच्या फांदीवर आली आणि तोंड पुढे करून म्हणाली, "बघा ना पापणी. बघा, बघा." कापूरबाईंनी ओढली आणि किंचाळून मागे सरकल्या. आत लालभडक. पाचपैकी एक!

सगळी वरात हादरली. शुभ्ररावानं मात्र वर बघितलं, काजळीचे चमकणारे डोळे बघितले, आणि म्हणाला, "आई, मला ही पण चालेल."

"तू गप रे!"

"मला विचारा की कुणीतरी," काजळी म्हणाली.

"तुला काय विचारायचं?"

"हेच, की मला हा चालेल का."

असं आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं. ओढ्याच्या या काठाला नाही आणि त्याही नाही. शेवटी शुभ्ररावच भीतभीत म्हणाला, "चालेन का?"

"तू झाडावर चढतोस?"

"आई चढू देत नाही."

"मग राहू दे," काजळी म्हणाली आणि पुन्हा शेंड्याकडे निघाली.

लग्न मोडलं. वरात मांडवाचा सगळा पाला खाऊन मगच परत गेली. आणि शेळवाडीत सभा भरली. सभेत काय ठरलं असेल? काजळी वाचली म्हणून पेढे वाटायचं? तुम्ही फार भोळे आहात रे. सभेत ठरलं, की त्या औषधानं पोरी बिघडतात. आधी "का" विचारतात, मग झाडावर चढतात, मग नवऱ्यामुलाची परीक्षा घेतात. म्हणून यापुढे लग्नाच्या कुठल्याही पोरीला ते औषध द्यायचं नाही. बगळे डॉक्टरांना वाडीची हद्द बंद. मोरीताईनं ठराव मांडला, दाढोबानं अनुमोदन दिलं. क्लासच्या बोकडानं आणखी दोन बॅच काढल्या.

डॉक्टर टेकाडावर एका दगडावर बसून रडले. "मी सगळं खरं सांगितलं गं काजळे."

"तिथेच चुकलं तुमचं," काजळी म्हणाली. "रडू नका. इथेच बसा माझ्याजवळ. बाटली सांभाळा तेवढी."

डॉक्टर टेकाडावरच राहिले. काजळीही तिथेच राहिली. तिचं आणि आईचं बोलणं बंद झालं होतं.

मग एका दुपारी, सगळी वाडी सावलीत रवंथ करत असताना, झिपरीबाई टेकाड चढून आली. चढून म्हणजे, वाटेत चारदा बसली. बोरीखाली आली तेव्हा तिला बोलता येईना इतकी धाप लागली होती.

"अजून रागावलीयस?" काजळीनं वरून विचारलं.

"रागावलेय तर. नाक कापलंस माझं."

"मग आलीस कशाला?"

"अशीच."

झिपरीबाईनं बोरीच्या खोडाला अंग टेकलं. मग म्हणाली, "काजळे, माझी बघतेस का गं पापणी?"

काजळीनं वरून थेट उडीच टाकली.

"नाही, म्हणजे काही झालं नाहीय मला," झिपरीबाई घाईघाईनं म्हणाली. "पण त्या डॉक्टरांनी लग्नाच्या पोरींच्याच बघितल्या ना. आमच्या कुणी बघितल्यात? लग्नानंतर कोण बघतंय? मला वाटायचं असंच असतं. दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. माझ्या आईलाही यायची. आमच्यात येतेच."

काजळीनं आईची पापणी ओढली. तिची स्वतःची पापणी कधी एवढी पांढरी नव्हती. किती वर्षं ही बाई अशी चालत होती, गवत राखून ठेवत होती, उड्या मारायला जात होती?

"कशी आहे गं?" झिपरीबाईनं विचारलं. तिला मनातून वाटत होतं, की आपल्यालाही एकदा कुणीतरी चांगलं म्हणेल. "सांग की. चांगली आहे ना?"

"आई," काजळी म्हणाली, "घरात सगळ्यात गोरी तूच होतीस गं." मग ती वळून जिवाच्या आकांतानं ओरडली, "डॉक्टर! बाटली! धावा हो, धावा!"

डॉक्टर पडत झडत आले. झिपरीबाईनं बाटलीकडे संशयानं बघितलं.

"वाडीत सांगू नकोस हं. तुझ्या बाबांना तर मुळीच नको. या वयात माझं लग्न मोडायचं."

"नाही सांगत. पी."

झिपरीबाईनं एक घोट घेतला. अंगावर शहारा आला, डोळ्यांत पाणी आलं, दाढी थरथरली. कडू होतं ते.

"काजळे, मी पण आता उलट बोलायला लागेन का गं?"

"लागशील बहुतेक."

झिपरीबाईनं खाली वाडीकडे बघितलं. दाढोबा सावलीत घोरत पडला होता.

"मग आणखी एक घोट दे," ती म्हणाली.

तात्पर्य : शेळ्यांना जंतांचं औषध कधीही देऊ नये. जंत मरतात आणि शेळ्या जगतात. आणि जगलेल्या शेळ्यांचं करायचं काय, हे अजून कुठल्याच वाडीला ठरवता आलेलं नाही.